गावातला वाडा आता विकावा का, आणि समृद्धीजवळचा प्लॉट घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आर्वी तालुक्यातल्या एका गावात, गावठाणात तुमचा वडिलोपार्जित वाडा आहे. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आई तुमच्याजवळ पुण्यात, धाकटा भाऊ नागपूरला, बहीण यवतमाळला दिलेली. शेजारी वाड्याचे साडेसहा लाख म्हणतो. गावातले लोक म्हणतात, समृद्धी महामार्ग झाला, थांबा, दुप्पट येतील. आलेल्या पैशात भर घालून विरुळच्या इंटरचेंजकडे, म्हणजे महामार्गावर चढ-उतार होते तिकडे, प्लॉट घ्यावा, आर्वीत तयार घर घ्यावं, की नुसतं थांबावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी चोवीस वर्षं वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत घरं बांधतो आणि त्यातली सोळा वर्षं बँकांसाठी मूल्यांकनाचं काम करतो. माझं उत्तर असं: वाडा विका, पण आज नाही. कागद झाल्यावर आणि कापसाचे पैसे गावात आल्यावर विका. तुम्ही शेतात पाडलेल्या प्लॉटच्या ज्या लेआऊटचा कागद पाठवला, त्यात प्लॉट घेऊ नका. आर्वीत घर घ्यायचं असेल तर घ्या, पण सरकारी बँक ज्यावर कर्ज देईल तेच. आता कारणं सांगतो, आणि ती जरा लांब आहेत.

आपल्याकडे भाव विचारला की चौकातला माणूस फुटाचा दर सांगतो. तो दर कुठून आला? कुणीतरी कुणाला सांगितला म्हणून. प्रत्यक्षात रजिस्ट्री किती रुपयांची झाली, हातात किती पडले, किती उधार राहिले, हे कुणालाच माहीत नसतं. शहरात एका बिल्डिंगमध्ये चाळीस फ्लॅट असतात, दोन विकले की बाकीच्यांचा भाव समजतो. गावठाणात एका गल्लीत वर्षभरात एखादा व्यवहार होतो, तोही बहुतेक वेळा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. त्यामुळे 'बाजारभाव' नावाची गोष्ट इथे फार पातळ असते.

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र एक गोष्ट स्पष्ट बदलली. आधी घर विकत घेणारा शेत विकून, भावाकडून घेऊन किंवा सावकाराकडून काढून रोख देत असे. आता तालुक्याच्या गावी घर घेणारा माणूस म्हणजे शिक्षक, पोलीस, एमएसईबीतला वायरमन, किंवा मुलांच्या शाळेसाठी गाव सोडणारा शेतकरी. यातले पगारदार कर्जाशिवाय घर घेत नाहीत. त्यामुळे घरांच्या दोन जाती झाल्या. एक, ज्यावर बँक कर्ज देते. दुसरी, ज्यावर देत नाही. पहिल्या जातीचा भाव वाढतो आहे. दुसरीचा तिथेच आहे, आणि गिऱ्हाईक दरवर्षी कमी होतं आहे. तुमचा वाडा आज दुसऱ्या जातीत आहे, आणि तुम्ही बघितलेला प्लॉटसुद्धा. एकातून निघून दुसऱ्यात पैसे अडकवायचे, असा तुमचा बेत आहे.

या जातीचा फरक रुपयांत केवढा होतो ते बघा. बारा लाखांचं कर्ज, पंधरा वर्षांसाठी. फेब्रुवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्यावर बँकांचे व्याजदर हलतात तो) ६.५० टक्क्यांवरून कमी करत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आणला. म्हणजे साडेनऊ टक्क्यांचं कर्ज सव्वाआठपर्यंत आलं असेल, तर हप्ता साधारण १२,५३० वरून ११,६४० वर येतो. महिन्याला नऊशेच्या आत फरक. लोक या नऊशेची वाट बघत दोन-दोन वर्षं थांबले. पण कागद कच्चे असले तर सरकारी बँक दारातच उभं करत नाही आणि माणूस छोट्या गृहवित्त कंपनीकडे जातो. तिथे चौदा टक्के धरा. तोच हप्ता १५,९८० होतो. म्हणजे महिन्याला चार हजार तीनशे जास्त, आणि पंधरा वर्षांत पावणेआठ लाखांवर. बारा लाखांच्या कर्जावर! व्याजदर कमी होईल का हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी कागद, निघेल का हे क्वचितच कुणी विचारतं.

आता वाड्याकडे वळू. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. मागच्या वर्षी पुलगावकडच्या एका गावात अगदी असाच वाडा मोजला होता, त्याचं सांगतो, म्हणजे तुमच्या वाड्यात काय बघायचं ते कळेल. बाहेरून भक्कम दिसत होता. ओसरीचे सागवानी खांब, वर माळा, त्यावर कवेलू. दारावर टिचकी मारली तर लाकूड अजून घंटेसारखं वाजत होतं. पण आत न्हाणीच्या बाजूच्या भिंतीला हात लावला आणि बोटाला पांढरी भुकटी आली. माती-विटेची दोन फुटी भिंत खालून अडीच फुटांपर्यंत ओल पिऊन फुगलेली. मालक म्हणाले, रंग दिला की झाकून जाते. झाकून जाते खरी, पण पावसाळ्यापुरतीसुद्धा टिकत नाही. मी त्या बांधकामाची किंमत शून्याच्या जवळ धरली आणि मालक माझ्यावर आठ दिवस रागावले होते. नंतर शेजाऱ्यानेच घेतला. बांधकामाचे पैसे त्याने दिले नाहीत, पण खांब, फाटे आणि दारं वेगळी मोजून घेतली. सागाची ती बेरीज मालकाच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली.

म्हणून तुमच्या वाड्याच्या तीन किमती वेगवेगळ्या काढा: जागा, बांधकाम आणि लाकूड. शेजारी साडेसहा म्हणतो तो एकगठ्ठा म्हणतो, आणि त्यात लाकूड फुकट धरतो. एखादा चांगला सुतार सोबत न्या आणि फाटे मोजून घ्या. फक्त जुनं सागवान गावाबाहेर न्यायचं झालं तर वाहतूक परवान्याचं वन विभागात आधी विचारा, नाहीतर ट्रक नाक्यावर उभा राहतो.

शेजाऱ्याचा मुद्दाही समजून घ्या, कारण तुमच्याकडे त्याच्यावाचून फारसं गिऱ्हाईक नाही. 'काहून इकत नाही तुम्ही? ह्या मातीले दुसरं कोन घेते, भाऊ?' असं तो म्हणतो ना? निम्मं खरं आहे. बाहेरचा माणूस गावठाणातलं घर घेत नाही. गल्ली आठ फुटांची, गाडी आत जात नाही, कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. पण एक दुसरं गिऱ्हाईक तयार झालं आहे ते त्याने सांगितलं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल मंजूर झालेला, पण स्वतःची जागा नसलेला माणूस. सपाट भागात १ लाख २० हजार आणि गडचिरोलीसारख्या भागात १ लाख ३० हजार असं मूळ अनुदान आहे, त्यावर राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली. घर किमान २६९ चौरस फुटांचं. अशा लाभार्थ्याला चार-पाचशे फूट जागा हवी असते, आणि जागा खरेदीला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. तुमची सांदवाडी, म्हणजे वाड्यामागची मोकळी जागा, रस्त्याला लागून आहे असं नकाशात दिसतं. तिचे दोन तुकडे घरकुलवाल्यांना आणि पुढचा वाडा शेजाऱ्याला, असं जमलं तर साडेसहाचा आकडा बराच पुढे जातो. गावठाणाच्या आत तुकडेबंदीची, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्याची, आडकाठी येत नाही. ग्रामसेवकाला गाठून मंजूर यादी बघा, ती लपवायची गोष्ट नाही.

आता कागद. इथेच तुमचं अडलं आहे, भावात नाही.

नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. त्यावर वडिलांचं नाव आहे म्हणून वाडा वडिलांचा ठरत नाही, आणि उद्या त्यावर तुमचं एकट्याचं नाव लागलं म्हणून तो तुमचा एकट्याचाही होत नाही. आपल्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या प्रत्येक जागेची आखीव पत्रिका आणि सनद निघते. पश्चिमेकडचे लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. हा एक कागद हातात असला की तुमचा वाडा दुसऱ्या जातीतून पहिलीच्या उंबऱ्यापर्यंत येतो. पत्रिका निघाली असेल तर तीन गोष्टी बारकाईने बघा: क्षेत्रफळ, चतुःसीमा, आणि सांदवाडी तुमच्या नावाने धरली आहे की 'ग्रामपंचायत खुली जागा' म्हणून. गावात घरमालक हजर नसला की मोजणीवाला शेजाऱ्याने दाखवलेली हद्द आखतो. तुम्ही तीन वर्षं पुण्यात होता, म्हणून हे पहिलं बघा.

वारस. तुम्ही लिहिलंत, 'आम्ही दोघं भाऊ सही करू'. बहीण आणि आई कुठे गेल्या? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई, दोघं भाऊ आणि बहीण चौघंही वारस. हिंदू वारसा कायद्यातली मुलींच्या हक्काची दुरुस्ती २००५ ची, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. बहिणीने 'मला काही नको' असं फोनवर म्हटलं तरी चालत नाही. एकतर ती विक्रीपत्रावर सही करेल, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोड पत्र करेल. मी असे व्यवहार पाहिले आहेत जिथे दहा वर्षांनी भाचा कागद मागायला आला. त्यात भाच्याची चूक नव्हती. शेतीच्या सातबाऱ्यावरही वडिलांचंच नाव असेल तर तेही आत्ताच मार्गी लावा. बुलढाण्यात सुरू होऊन २०२५ मध्ये राज्यभर गेलेली 'जिवंत सातबारा' मोहीम नेमकी यासाठीच आहे, आणि पटवाऱ्याला ती चांगली माहीत आहे.

इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घ्यायचा? वाड्याच्या व्यवहारात रोख वीस हजारांच्या आतच, त्यापुढचं सगळं बँकेतून. वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. इसारचिठ्ठीचा शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला, यावरून गावात अजून कुरकुर चालते. पाचशेचा असो की शंभराचा, त्यावर लिहून नोटरी केली म्हणजे घर दुसऱ्याचं होत नाही. रजिस्ट्रीच लागते.

आयकराचं एवढंच: वाडा विकून झालेल्या नफ्यावर कर बसतो, पण दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. नुसता प्लॉट घेऊन ठेवला आणि बांधलं नाही तर नाही. शेतजमिनीची गोष्ट वेगळी. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन भांडवली नफ्याच्या करातच येत नाही. हे अंतर लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटर असतं. पण तीच जमीन आधी अकृषक (एनए) करून मग विकली की ही सूट जाते. आर्वीजवळचं तुमचं अडीच एकर कधी विकायचं झालं तर एनए करायच्या आधी सीएला विचारा.

आता तुमचा समृद्धीवाला मुद्दा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा जोडून सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, मी स्वतः महिन्यातून दोनदा वापरतो. पण 'समृद्धी टच' या शब्दाला अर्थ नाही. तो बंदिस्त रस्ता आहे. तुमच्या शेताच्या धुऱ्यावरून जरी गेला तरी तिथून चढता येत नाही, उतरता येत नाही. चढ-उतार होते ती इंटरचेंजवर: येळाकेळी, विरुळ, धामणगाव, शेलूबाजार, मेहकर अशा मोजक्या जागी. तिथेही वाढणारा भाव गोदाम, पेट्रोल पंप, ढाबा यांच्यासाठी लागणाऱ्या रस्त्यालगतच्या तुकड्याचा असतो. राहत्या घराचा नाही. इंटरचेंजच्या कडेला, शेताच्या मधोमध, जिथे शाळा नाही, दवाखाना नाही, आणि दूधवालाही येत नाही, तिथे कोण राहायला जाणार आहे? भाव चढले ते मोबदल्याच्या काळात. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांना रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, चार-पाच पट पैसे मिळाले, त्यांनी आजूबाजूच्या गावांत शेतं घेतली, आणि एकाच वेळी शंभर घेणारे बाजारात उतरल्याने भाव वर गेले. ते पैसे कधीच संपले. भाव मात्र लोकांच्या डोक्यात तिथेच अडकून राहिला. शक्तिपीठ महामार्ग पवनारहून निघणार म्हणून आता तिकडेही तीच चर्चा सुरू झाली आहे.

तुम्ही पाठवलेला कागद समोर ठेवून बोलू. दोन एकर शेत, तीस प्लॉट, साडेपाचशे रुपये फूट, 'एनए प्रोसेसमध्ये', आणि पैसे नोटरीवर. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते, नाल्या आणि मोकळी जागा सोडून शंभरातले पंचावन्न-साठ फूट विकायला उरतात. समजा त्या माणसाने शेत तीस लाख एकराने घेतलं. दोन एकराचे साठ लाख. विकायला उरले साधारण ४७,९०० फूट. म्हणजे जमिनीचा खर्च फुटाला सव्वाशे रुपये. त्यावर अकृषक खर्च, मुरमाचे रस्ते, विजेचे खांब, त्याचा नफा. दोनशे-अडीचशे समजू शकतो. साडेपाचशे कशाचे? विचारा त्याला, मोकळेपणाने विचारा. माझा अनुभव असा की चांगला लेआऊटवाला हिशोब सांगतो, दुसरा 'पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहे' असं सांगतो.

आणि एनए नसताना प्लॉटची रजिस्ट्री कशी होणार? तुकडेबंदीच्या कायद्यात २०२३ पासून जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे. आपल्या हिशोबाने साधारण तेवढेच आर. त्याहून लहान तुकड्याची सरळ विक्री होत नाही. मग पळवाट काढतात: वीस गुंठ्यांची एकच रजिस्ट्री बारा जणांच्या नावाने. सातबाऱ्यावर बाराही नावं सामाईक येतात, कुणाचा तुकडा कुठला हे कागदावर कुठेच नसतं. असा सातबारा घेऊन बँकेत जा, मॅनेजर चहा पाजेल, कर्ज देणार नाही. २०२५ मध्ये सरकारने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची मुभा दिली, पण ती ठरावीक क्षेत्रासाठी आणि ठरावीक तारखेआधीच्या व्यवहारांसाठी आहे. 'सरकार करून देते सगळं' म्हणून आज नवा तुकडा घेणं म्हणजे पूर ओसरल्याची बातमी ऐकून नदीत उतरणं आहे.

याउलट, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी वापरायची तर वेगळ्या अकृषक परवानगीची गरज नाही. त्यासाठीची ठरलेली रक्कम भरली की ती अकृषक धरली जाते. ही सोय आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. तुम्हाला कधी गावातच नवं घर बांधायचं झालं, तर इंटरचेंजकडे धावण्यापेक्षा गावाला लागून असलेलं कुणाचं शेत या २०० मीटरमध्ये बसतं का ते बघा.

एक-दोन गोष्टी सातबाऱ्यावर नजर टाकतानाच दिसतात. भोगवटादार वर्ग २ असं लिहिलं असेल तर थांबा. आपल्याकडे भूदानाच्या, पुनर्वसनाच्या आणि वाटपाच्या जमिनी भरपूर आहेत, त्यांची विक्री परवानगीशिवाय होत नाही. मूळ मालक आदिवासी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीच्या नावाने व्यवहार टिकत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे यात कित्येकांचे पैसे बुडाले. लेआऊट ५०० चौरस मीटरच्या वर किंवा आठहून जास्त प्लॉटचा असेल आणि नियोजन क्षेत्रात येत असेल, तर महारेराचा, म्हणजे बांधकाम आणि लेआऊट नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मागा. नंबर आहे म्हणाला तर तो संकेतस्थळावर टाकून बघा, फलकावरचा आकडा वाचून परत येऊ नका.

प्लॉट कुठलाही असो, बघायला ऑगस्टमध्ये जा. मार्चमध्ये चुन्याच्या पांढऱ्या रेघा, रंगवलेले सिमेंटचे खुंट, सगळं छान दिसतं. ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी काळ्या मातीत चप्पल रुतून तुटते आणि पांधण रस्त्याने मोटरसायकलही जात नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर तयार घराच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. आर्वीत घर बघताना मी आधी तेच कोपरे बघतो, मग टाइल्स. भेगेत नखाचं टोक सहज जात असेल आणि ती जोत्यापर्यंत उतरत असेल, तर भाव पाडून मागण्यातही अर्थ नाही, सोडून द्या. नवा रंग फक्त खिडक्यांभोवतीच दिला असेल तर तेही तसंच समजा.

पाणी विचाराच. आपल्या भागात फार अडचण नाही, पण हेच उत्तर अकोला, दर्यापूरकडचं कुणी वाचत असेल तर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं लागतं, घराचा भाव नळयोजनेवर ठरतो. यवतमाळच्या पांढरकवड्याकडे फ्लोराइडचा प्रश्न आहे.

नवीन बांधायचं की तयार घ्यायचं? सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तेव्हापासून सगळे म्हणतात बांधकाम स्वस्त झालं. हजार फुटांच्या घराला साधारण चारशे गोणी लागतात. गोणीमागे तीस रुपये वाचले असं धरलं तर बारा हजार. एवढ्यात स्वयंपाकघराचा ओटासुद्धा होत नाही. खरा खर्च रेती आणि मिस्त्री. घरकुलांची कामं निघाली की मिस्त्री मिळत नाही. रेतीघाट पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे जूनमध्ये रेतीचा भाव विचारायचा नाही आणि ऑक्टोबरआधी काम काढायचं नाही. विटांमध्ये मात्र कोराडी-चंद्रपूरच्या राखेच्या विटा आता सगळीकडे मिळतात, त्या मी बिनधास्त वापरतो. तुम्ही पुण्यात राहून गावी बांधणार असाल तर तयार घरच घ्या. ठेकेदार व्हिडिओ कॉलवर पाया दाखवतो तो दरवेळी तुमचाच असतो असं नाही.

आर्वीतल्या घरासाठी बँकेत आधी जा, घर नंतर ठरवा. पगारपत्रक, आयकर विवरण आणि घराच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन शाखेत विचारा की या मालमत्तेवर तुम्ही कर्ज द्याल का. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते नाही असं समजा. गेल्या तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, त्याला जे काही हजार लागतात ते लागू द्या. घर आईच्या नावाने घेतलं तर महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, तीस हजारांच्या वर जात नाही. रेडी रेकनरचे दर १ एप्रिल २०२५ ला वाढले, ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के. म्हणजे सरकारचा आकडाही 'दुप्पट' म्हणत नाही, हे गावातल्या त्या सल्लागारांना सांगा.

विकण्याची वेळ. शेजारी मे महिन्यात बोलला, यात त्याचं गणित आहे. मे-जूनमध्ये बी-बियाण्याला पैसे लागतात, विकणारे जास्त आणि घेणारे नसतात. दिवाळीनंतर कापूस निघतो, डिसेंबर ते फेब्रुवारीत हातात पैसा असतो. कापूस-सोयाबीन हमीभावाखाली गेलं तर तेवढा हात आखडतो, पण तरी मेपेक्षा जानेवारी बरी. तुमचा शेजारी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पेरतो, पगारदार नाही, त्याला हे लागू पडतं. शिवाय तोपर्यंत आखीव पत्रिका हातात येईल, आणि सांदवाडीची हद्द वादातून सुटेल.

या आठवड्यात एवढंच करा: बहिणीला फोन करा, आईला सोबत घेऊन एकदा गावी या, आणि भूमी अभिलेखला गावठाण मोजणीच्या नकाशाची प्रत मागा. शेजाऱ्याला 'दिवाळीनंतर बोलू' एवढंच सांगा, आकडा सांगू नका. आणि वाड्याचं मागचं दार कुलूप लावून ठेवा. फोटोत माळ्याचे दोन फाटे मला कमी दिसले.